शेजाऱ्यांची साक्ष

मंडळीच्या पंचकमिटीची निवडणूक जवळ आली की उपासना सुटल्यावर आवारात एक ठरावीक बोलणं सुरू होतं. अमुक साहेब बोलायला चांगले, माईक हातात आला की सभा धरून ठेवतात. तमुक साहेब कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेत, त्यांना कागदपत्रांतलं कळतं. एकाची देणगी मोठी असते. एकाकडे चारचाकी आहे आणि लग्नाला, मयतीला तो ती कधीही काढतो. हे सगळे गुण खरे आहेत आणि मंडळीचं त्यांच्यावाचून अडतंही. पण पौलाने तीमथ्याला आणि तीताला जी पत्रं लिहिली, त्यांत मंडळीचा वडील कसा असावा याच्या दोन याद्या आहेत. त्या याद्यांत यातलं जवळजवळ काहीच नाही.

त्या याद्यांत आहे ते असं. एका बायकोशी एकनिष्ठ असलेला, दारूच्या आहारी न गेलेला, मारकुटा नसलेला, भांडकुदळ नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, आल्यागेल्याचं करणारा, स्वतःचं घर नीट चालवणारा, मुलं ज्याचं ऐकतात असा. कौशल्य म्हणावं असं त्यात एकच आहे, शिकवता येणं. बाकीच्या गोष्टींना कौशल्य म्हणता येत नाही, आणि पराक्रम तर नाहीच. चारचौघांसारखं सरळ जगणाऱ्या कुठल्याही माणसाकडून आपण एवढी अपेक्षा करतोच. मग पौलाने एवढ्या साध्या गोष्टी एवढ्या गांभीर्याने का लिहाव्यात, असा प्रश्न पडतो. मला वाटतं, यादीत काय आहे यापेक्षा ते तपासायचं कुणी, हे पाहिलं की उत्तर सापडतं.

दारू पीत नाही, ही साक्ष कोण देणार? पाळक देऊ शकत नाहीत. पाळकसाहेब येणार असं कळलं की घरातली बाटली कपाटामागे जाते. ती साक्ष गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पानवाल्याकडे असते. मारकुटा नाही, हे मधली भिंत एकच असलेल्या शेजारच्या बिऱ्हाडाला ठाऊक असतं. लोभी नाही, हे किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत दिसतं, आणि घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईला पगार कोणत्या तारखेला मिळतो यातही दिसतं. आतिथ्याची गोष्ट तर फारच नाजूक. पाहुणे घेऊन यायचे त्याने आणि रात्री साडेनऊला पुन्हा कणीक मळायला बसायचं तिने. मग यादीतला तो गुण नेमका कुणाच्या नावावर मांडायचा? तिला विचारल्याशिवाय हे ठरवता येणार नाही. आणि तीमथ्याला लिहिलेल्या यादीच्या शेवटी पौल आणखी एक अट घालतो, की बाहेरच्या लोकांतही या माणसाचं नाव चांगलं असावं. बाहेरचे म्हणजे ज्यांना ख्रिस्ताशी काही देणंघेणं नाही असे.

म्हणजे ही यादी परीक्षा घेऊन तपासता येत नाही आणि मुलाखत घेऊन तर नाहीच नाही. ती तपासता येते फक्त बराच काळ शेजारी राहून. माणूस सभेत कसा दिसतो याबद्दल ती गप्प आहे. त्याच्या आसपास ज्यांचं रोजचं जगणं चालतं, त्यांनी त्याला काय पाहिलं, एवढंच ती विचारते. वडिलाचं पद या पाहिलेपणावर उभं आहे. ते नसेल तर तोच माणूस विश्वस्त होईल, वक्ता होईल, व्यवस्थापक होईल, पण पौल ज्याच्याबद्दल बोलतो तो वडील होणार नाही.

पौलाने ही कसोटी आधी स्वतःला लावली होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात तो यरुशलेमला जाताना मिलेत बंदरात थांबतो आणि इफिसातल्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो. तिथलं त्याचं बोलणं निरोपाचं आहे, पण सुरुवात निरोपाने होत नाही. मी तुमच्यात कसा राहिलो हे तुम्ही पाहिलंय, इथून तो सुरू करतो. तीन वर्षं तो त्यांच्यात राहिला होता. कुणाच्या सोन्यारुप्याचा, कपड्यालत्त्याचा लोभ धरला नाही, हे सांगताना तो स्वतःचे कष्टाचे हात पुढे करतो. ज्यांना उपदेश करायचा त्यांनाच आधी साक्षीदार करतो. पेत्रही आपल्या पत्रात वडिलांशी बोलताना स्वतःला त्यांच्यातलाच एक वडील म्हणवतो, आणि धनीपणा गाजवू नका, कळपाला कित्ता होऊन दाखवा असं सांगतो. कित्ता डोळ्यांसमोर असावा लागतो. लांबून गिरवता येत नाही.

आता हीच कसोटी घेऊन नाशिककडे येऊ. द्वारका चौकातून सारडा सर्कल, गडकरी चौक करत त्र्यंबक नाक्याच्या पुढे गेलं की शरणपूर लागतं. आज तो शहरातला महागडा भाग आहे. दुतर्फा दुकानं, दवाखाने, बँका आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशकात १८३२ पासूनचं, आणि शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली ती १८५० च्या दशकात. विल्यम सॉल्टर प्राइस हे मिशनरी तिचे कर्तेधर्ते. घरं, शाळा, अनाथालय आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारी कार्यशाळा, असं ते गाव होतं. वसाहत वसवण्यामागची निकड समजून घ्यायला हवी. ज्याने बाप्तिस्मा घेतला, त्याचं घर त्या दिवशी सुटायचं. घर सुटलं म्हणजे घरातली वडीलधारी माणसंही सुटली. मुलीचं लग्न कुणी जमवायचं, भावाभावांतली वाटणी कुणी करून द्यायची, बाळंतपणाला कुणाच्या दारी जायचं, मयताला खांदा कुणी द्यायचा, ही सगळी कामं तोवर ज्यांची होती ती माणसं एका दिवसात परकी झाली. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी हे तुटणं स्वतः सोसलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या वर्षांत नवरा एका जगात आणि बायको दुसऱ्या जगात, अशी त्या घराची अवस्था होती.

अशा लोकांना मंडळीचे वडील हवे होते ते कारभारासाठी नंतर, आधी तुटलेल्या नात्यांच्या जागी. आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पंच म्हणजे निम्मा सोयरीक जुळवणारा आणि निम्मा तंटे मिटवणारा असतो, त्याचं मूळ इथे आहे. आणि शरणपूरसारख्या वसाहतीत पाहिलेपण आपोआप मिळत होतं. एका पाणवठ्यावर पाणी भरणारी, एका कार्यशाळेत रंधा चालवणारी, संध्याकाळी एकाच घंटेला प्रार्थनेला जमणारी माणसं. तिथे कुणाचं काय चाललंय हे लपत नव्हतं.

पण वसाहतीत एक खोट होती. घर मिशनचं, काम मिशनचं, पगार मिशनचा. जो माणूस साहेबाच्या नजरेत भरेल तो पुढे यायचा. साक्ष शेजाऱ्यांची असायला हवी होती, ती बंगल्यावरून येऊ लागली. मिशनऱ्यांपैकी शहाण्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे लंडनमधले चिटणीस हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे रूफस अँडरसन हे दोघे त्याच काळात एकच गोष्ट घोकत होते, की मंडळ्या आपल्या पायावर उभ्या राहिल्या पाहिजेत, त्यांचा कारभार त्यांनीच केला पाहिजे, त्यांचे पाळक त्यांच्यातलेच असले पाहिजेत. अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले, आणि अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. तत्त्व मान्य झालं, अंमल मात्र फार सावकाश झाला. पैसा ज्याचा, पसंती त्याची, हा नियम तत्त्वापेक्षा चिवट निघाला. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, त्यामागे अनेक कारणं असतील. पण पगारी उपदेशकाची साक्ष लोक अर्धीच मानतात, ही बोच त्यांना होती असंच मला वाटतं.

शरणपूरची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांपैकी बरीच शरणपूरला आणली गेली. ती तिथे वाढली, शिकली, हातात कसब घेऊन मोठी झाली. मिशनरी आणि प्रवासी संशोधक लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याच्या दफनविधीची प्रार्थना वाचणारा आणि झाडावर त्याचं नाव कोरणारा जेकब वेनराइट हा याच नाशिकच्या शाळेतला. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. हे पुष्कळांना माहीत असतं. त्यापेक्षा कमी माहीत असलेला माणूस म्हणजे विल्यम हेन्री जोन्स. तो आणि इश्माएल सेमलर यांना १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या रबईला पाठवलं गेलं. एकवीस वर्षं तिथल्या लोकांत राहिल्यानंतर, १८८५ मध्ये, बिशप हॅनिंग्टनने दोघांना डिकन केलं. एकवीस वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाबद्दल लोकांना आणखी काय विचारायचं उरलं होतं! त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाला. जोन्सला आणि बहुतेक काफिल्याला वाटेत मागे ठेवून तो थोड्या माणसांनिशी पुढे गेला आणि मारला गेला. उरलेली माणसं घेऊन परतीची वाट जोन्सने काढली. रबईत शिरताना त्या काफिल्यापुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इखाबोद हे नाव लिहिलेलं होतं. शमुवेलाच्या पुस्तकात, वैभव गेलं या अर्थाने एका अभागी बाळाला ठेवलेलं ते नाव.

पुढे रबईची जबाबदारी जोन्सकडे असताना मालकांकडून पळून आलेले गुलाम तिथे आसरा घेत. गोऱ्या मिशनऱ्यांना मालकांशी वाकडं नको होतं. जोन्स स्वतः गुलामगिरीतून आलेला. त्याने त्या लोकांना राहू दिलं. १८८८ मध्ये प्रकरण उघड्यावर आलं, तेव्हा मालकांना नुकसानभरपाई देऊन त्यांची सुटका करावी लागली. पदाने जोन्स डिकन, पण कामाने वडीलच. आणि इथे पौलाच्या त्या शेवटच्या अटीचं काय करायचं? बाहेरच्या लोकांत चांगलं नाव असावं म्हणतो पौल. मोंबासाच्या गुलाममालकांना विचारलं असतं तर त्यांनी जोन्सबद्दल काय सांगितलं असतं? किंवा नव्या ख्रिस्ती माणसाबद्दल त्याला वाळीत टाकणाऱ्या भाऊबंदांनी?

मला वाटतं, ही अट लोकप्रियतेची नाहीच. बाहेरच्यांना तुम्ही आवडता का, असं ती विचारत नाही. त्यांच्याशी तुमचा व्यवहार कसा आहे, तुमच्या शब्दावर ते पैसे सोडतील का, हे ती विचारते. वाळीत टाकणारा भाऊसुद्धा मनातून कबूल करतो की हा खोटं बोलणारा नव्हे. जोन्सवर रागावलेल्या मालकांनाही, हा आपल्या लोकांना विकणार नाही, एवढं पक्कं ठाऊक असणार. राग आणि साक्ष एकाच तोंडातून निघू शकतात. खरं तर रागावलेल्या माणसाची साक्ष जास्त खरी, कारण तिच्यात भीड नसते.

आपल्याकडच्या जुन्या व्यवहारात याची चांगली जाण होती. मराठेशाहीतल्या गोतसभेत वतनाचा किंवा हद्दीचा वाद निघाला की निवाड्याचा महजर होत असे आणि त्यावर गावातल्यांची साक्ष पडत असे. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्याराची. लिहितावाचता येत नसलेल्या माणसाचं पाहिलेलंही तिथे पुरावा होतं. पण त्याच व्यवस्थेतला एक दोष मराठी मंडळ्यांनी जसाच्या तसा उचलला. पाटलाचं पद वतनाचं होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं. पौलाच्या यादीत घराणं कुठेच नाही. आपल्या कितीतरी मंडळ्यांत मात्र पंचकमिटीतली आडनावं दोन पिढ्या बदललेली नाहीत. आजोबांनी पाहिल्याजोगं जगून मिळवलेली साक्ष नातू न जगताच वापरतो.

पंथापंथांत या पदाची मांडणी वेगवेगळी आहे, ती थोडक्यात सांगून पुढे जातो. स्कॉटिश मिशनच्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांत वडिलांना दीक्षा देऊन नेमत आणि कारभाराचा खरा भार त्यांच्यावर असे. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत सभासदांच्या सभेचा शब्द मोठा. अँग्लिकन परंपरेत बिशप आणि पाळक यांच्याकडे अधिकार, सभासदांकडे वॉर्डनपणा. नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ चा. या आणि आणखी काही परंपरा २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी झाली. तिच्यात बिशप, प्रेसबिटर आणि डिकन हे दीक्षित सेवक, आणि सभासदांतून निवडलेली पास्टरेट कमिटी. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ चा, बिशप थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप. तिथे वडीलपण फादरांकडे आहे, आणि सोबतीला धर्मग्रामाची सल्लागार मंडळी. वेगवेगळी नावं, वेगवेगळे झगे. पण यांतल्या कुठल्याही व्यवस्थेने पाहिलेपणाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. बिशप नेमो की सभा निवडो, नेमणाऱ्याने आणि निवडणाऱ्यांनी त्या माणसाला कुठे पाहिलंय, हे विचारायचं राहतंच.

हे पाहणं नियमात बसवण्याचा प्रयत्नही झाला आहे. जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्व्हिनने १५४१ च्या नियमांत बारा वडील ठरवले होते. शहराच्या परिषदांतूनच ते निवडायचे, आणि निवडताना शहराच्या प्रत्येक भागातला कुणीतरी त्यांत असावा, म्हणजे सगळीकडे लक्ष राहील. विचार चांगला, परिणाम संमिश्र. वडील लोकांना पाहत होते, लोकांनी वडिलांना पाहण्याची सोय मात्र तेवढी नव्हती. दर गुरुवारी बसणाऱ्या त्यांच्या सभेपुढे घरगुती भांडणापासून उपासनेतल्या गैरहजेरीपर्यंत सगळं येई, आणि शेजार हळूहळू पाळतीसारखा वाटू लागे. पौलाने याची तजवीज आधीच केली होती. तीमथ्याला तो सांगतो, की वडिलावर आरोप आला तर दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नकोस, पण दोष ठरला तर सर्वांदेखत कानउघाडणी कर. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा भाग मी मराठी मंडळीत अमलात आलेला पाहिलेला नाही. प्रकरण मिटवलं जातं, पाळकांची बदली होते, पंच प्रकृतीच्या कारणाने राजीनामा देतात.

आपल्याकडे आता आणखी एक पेच आहे. मिशनच्या जुन्या जमिनी शहरांच्या मधोमध आल्या. मंडळ्या आणि त्यांच्या संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या. त्यामुळे वडील बदलले की चॅरिटी कमिशनरकडे चेंज रिपोर्ट जातो, सभेची नोटीस, गणपूर्ती, सह्या तपासल्या जातात, विरोधी गट हरकत घेतो आणि तारखा पडत राहतात. हिशेब मागणारा कायदा असायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण या झटापटीत टिकणारा माणूस वेगळ्या घडणीचा लागतो. त्याला वकील माहीत असतात, फाइल माहीत असते, कुणाची सही कुठे घ्यायची ते माहीत असतं. कापणीच्या सणाला भोपळ्यांचा, अंड्यांचा, कोंबड्यांचा लिलाव पुकारणारा, हसतहसत दहा रुपयांचं लिंबू पन्नासला खपवणारा आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच काही दवाखान्यात पडलेल्या विधवेकडे पोचवणारा जुना पंच या शर्यतीत मागे पडतो. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्रात आहे. कुठला वडील बोलवायचा, हे आजाऱ्याला बरोबर कळतं. निवडणुकीत कुणाला किती मतं पडली होती, हे त्या वेळी आठवत नाही.

हे काम करणाऱ्यांत बायका किती होत्या, हा एक निराळा लेख होईल. मिशनच्या काळात बायबल बाया घरोघर जायच्या, आजाऱ्याजवळ बसायच्या, सासवासुनांची भांडणं सोडवायच्या. उत्तर भारत मंडळी आता स्त्रियांना दीक्षा देते. पण पाहिलेपणाच्या कसोटीवर बघितलं तर त्या बायबल बाया कुठल्याही दीक्षेआधीच वडीलपण करत होत्या.

आणि आता द्वारका. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो हा चौक. वरून उड्डाणपूल, खाली नाशिकरोडच्या हाळ्या देणाऱ्या रिक्षा, बाजूला लांबच्या गावांच्या ट्रॅव्हल्स. रविवारी सकाळी इथे चेनच्या कव्हरातलं बायबल काखेत धरलेली माणसं दिसतात. काही जण जुन्या मंडळीसाठी शरणपूरकडे जातात. काही नाशिकरोडला, तिथे फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते हे सगळ्या नाशिकला ठाऊक आहे. आणि काही जण जवळच्याच एखाद्या दुकानांच्या इमारतीचा जिना चढून वरच्या भाड्याच्या हॉलमध्ये जातात. काठे गल्ली, वडाळा नाका, पखाल रोड या पट्ट्यात राहणारी ही कुटुंबं नगरकडून आलेली, जालन्याकडून आलेली, कामाच्या मागे आलेली. भाड्याची खोली, अकरा महिन्यांचा करार, मग दुसरी खोली. शरणपूरच्या पाणवठ्यावर जे फुकट मिळत होतं, ते इथे कुठल्याच भावाने मिळत नाही. रविवारी दोन तास एकमेकांच्या मागच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं सोमवार ते शनिवार एकमेकांच्या नजरेला पडत नाहीत.

अशा नव्या मंडळ्यांना जुने लोक नाक मुरडतात. कालचे विश्वासणारे आज वडील कसे, असं विचारतात. त्यांनी पौलाची दोन पत्रं शेजारी ठेवून वाचावीत. तीमथ्य इफिसात होता. तिथली मंडळी मुरलेली होती, म्हणून त्याच्या यादीत वडील नवशिका नसावा अशी अट आहे. तीत क्रेतात होता, तिथे गावोगावी मंडळ्या नव्या होत्या. त्याच्या यादीत ही अट नाही. नव्यांतूनच वडील नेमायचे होते. बाकी बरीचशी यादी मात्र तशीच आहे. नवेपण पौलाला चालतं. न पाहिलेपण चालत नाही. क्रेतातली माणसं विश्वासात नवी असली तरी गावात जुनी होती, त्यांचा बाप कोण, व्यवहार कसा, हे गावाला ठाऊक होतं. द्वारकेवरच्या हॉलमधला माणूस विश्वासात जुना असेलही, पण गावात नवा आहे.

या पोकळीत जे घडायचं तेच घडतं. हॉलचं भाडं भरणारा पाळक होतो, बायको हिशेब ठेवते, मुलगा कीबोर्ड वाजवतो आणि वडील मंडळ म्हणून याच तिघांची नावं सांगितली जातात. ते लबाड असतात असं नव्हे. पुष्कळदा ते फार कष्टाळू असतात. फक्त त्यांना कुणी पाहत नाही, आणि आपल्याला कुणी पाहत नाही ही सवय चांगल्या माणसालाही हळूहळू बिघडवते. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस, मंडळीत पहिला मान आपला म्हणून बसलेला, काही दुष्ट म्हणून सुरुवातीपासून ओळखला जात असेल असं मला वाटत नाही.

मग करायचं काय? जुन्या काळी एका गावची मंडळी सोडून दुसरीकडे गेलेला माणूस आधीच्या पाळकांचं पत्र घेऊन यायचा. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौलानेही किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबीची शिफारस केली आहे. ती रीत पुन्हा धरता येईल, पण ती पुरणार नाही, कारण भांडून निघालेला माणूस पत्र मागत नाही. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक उपयोगाची. आपल्याकडे मुलामुलीचं लग्न ठरलं की त्यांची नावं तीन रविवार उपासनेत वाचली जातात, कुणाची हरकत असेल तर त्याने सांगावं म्हणून. अँग्लिकन दीक्षाविधीतही बिशप लोकांना विचारतो की या उमेदवारात काही दोष कुणाला ठाऊक आहे का. पंचांसाठी आपण हे करत नाही. त्यांची नावं निवडणुकीच्या दिवशीच कळतात, कधी कधी फळ्यावर लिहिलेली.

वडिलांचीही नावं तीन रविवार वाचावीत. त्या तीन आठवड्यांत मंडळीतल्या दोघातिघांनी, ज्यांना स्वतःला निवडून यायचं नाही अशांनी, उमेदवाराच्या घरी जाऊन यावं. चहा घेऊन परतण्यासाठी नव्हे. घरमालकाशी बोलावं, समोरच्या दुकानात बसावं, त्याच्या कामाच्या ठिकाणच्या कुणाला भेटावं. घरमालक मुसलमान असेल, दुकानदार मारवाडी असेल, कामावरचा सोबती बौद्ध असेल. द्वारकेवर हे असंच असणार, आणि पौलाच्या बाहेरच्यांत हे तिघेही बसतात. त्यांना धर्माचं काही विचारायचं नाही. हा माणूस भाडं वेळेवर देतो का, घरात आवाज चढतो का, दिलेला शब्द पाळतो का, एवढंच. हरकत निघाली तर दोन-तीन साक्षीदारांचा नियम आहेच. नावं वाचायला पुढच्या निवडणुकीपासून सुरुवात करता येईल. त्यासाठी चेंज रिपोर्ट भरावा लागत नाही.